निरशा दुधाची कैफियत

माझे शेजारी, ज्यांना सारा गाव मामा म्हणून ओळखतो, मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झाले त्याला आता पुष्कळ वर्षे लोटली. तथापि कचेरीची भाषा त्यांच्या जिभेवरून उतरली नाही आणि धारोष्ण दुधावरची श्रद्धा त्यांच्या अंतःकरणातून ढळली नाही. दिवेलागणीला दावणीशी उभे राहावे, रिकाम्या पितळी पेल्यात पहिली धार खणकन वाजावी, पेला भरत जाईल तसा तो नाद मऊ होत होत शेवटी फेसात विरून जावा आणि मग तो पेला तसाच, निरसाच, तोंडाला लावावा, हा त्यांचा नित्यनेम पंचगंगेला आलेल्या महापुरांतही चुकला नव्हता.

यंदा भाऊबिजेला त्यांची भाची आली. ती शहरात लहान मुलांचा दवाखाना चालविते. अंगणातून वैरणीची पेंढी घेऊन जाणारी गड्याची सात वर्षांची मुलगी उजवा पाय किंचित ओढीत चालते आहे, एवढेच तिने ओसरीवरून पाहिले आणि हातातले निरांजन खाली ठेवून पोरीला जवळ बोलाविले. पाच आठवड्यांचा ताप, तोही दिवसा नरम आणि संध्याकाळी चढणारा. रात्री घामाने भिजणारी गोधडी. विषमज्वर समजून दोनदा दिलेली औषधे. आणि आता खुब्याच्या सांध्यात ठणका, असा इतिहास निघाला. रक्त तपासणीस गेले, निकालाचा कागद आला, आणि पुढच्या रविवारी त्याच ओसरीवर मामा व भाची यांच्यात जो संवाद झाला तो, पंच म्हणून मध्ये बसलेल्या मला जसा आठवतो तसा, येथे देत आहे.

मामा : तुझा तो कागद मी दोनदा वाचला. रोगाचे नाव ब्रुसेलोसिस, आणि त्याचे मूळ म्हणे माझ्या गोठ्यात! अग, या गोठ्याचे दूध माझ्या आजोबांनी प्याले, वडिलांनी प्याले, मी आज पंचाहत्तरी ओलांडून पितो आहे. कोल्हापुरात तर दूधकट्ट्यावर म्हैस गिऱ्हाइकासमोर उभी करून धार काढतात आणि फेसाळता पेला हातात देतात. त्या पेल्यांवर तालमीच्या पिढ्या पोसल्या. पाण्याचा थेंब नाही, भुकटी नाही, पिशवी नाही. ज्या दुधाची चोख वागणूक इतक्या पिढ्यांच्या दप्तरी नमूद आहे, त्याच्यावर एका कागदाच्या जोरावर फिर्याद दाखल करणे हा कुठला न्याय?

भाची : मामा, तुमच्या कैफियतीत दोन वेगळ्या बाबी एका कलमात आल्या आहेत. ज्यात पाणी घातलेले नाही ते दूध शुद्ध. पण ते निरोगी जनावराचे आहे की नाही, हे शुद्धतेवरून ठरत नाही. ही गल्लत आपलीच आहे असेही नाही. भूमध्य समुद्रात माल्टा नावाचे एक लहानसे बेट आहे. तेथे गवळी शेळ्यांचे कळप घेऊन दारोदार फिरत आणि गृहिणीच्या उंबऱ्याशी, तिच्याच भांड्यात, तिच्या डोळ्यांदेखत धार काढून देत. भेसळीला वाव नाही म्हणून लोकांचा त्या दुधावर तुमच्याइतकाच विश्वास होता. आणि त्याच बेटावर इंग्रज पलटणीचे शिपाई महिनोन्‌महिने एका चढउताराच्या तापाने खाटेवर पडून असत.

मामा : मग तो पलटणीचा रोग झाला. परमुलखात आलेल्यांना हवा मानवत नाही.

भाची : तसेच पुष्कळांना वाटे. 1887 साली डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टराने त्या तापाने मेलेल्या शिपायांच्या प्लीहेतून जंतू शोधून काढला. आजचे रोगाचे नाव त्याच्यावरूनच पडले. परंतु जंतू सापडला तरी तो माणसाच्या पोटात येतो कोठून, हे आणखी अठरा वर्षे कोणाला उमगेना. डासांवर संशय घेऊन झाला, धुळीवर झाला, सांडपाण्यावर झाला. शेवटी 1905 साली थेमिस्तोक्लीस झामिट या डॉक्टराने, जो त्या बेटाचाच पुत्र होता, सहा धडधाकट शेळ्यांचे रक्त तपासले आणि त्यांतल्या पाच शेळ्या दोषी निघाल्या. ध्यानात घ्या, शेळ्या आजारी नव्हत्या; त्या चरत होत्या, रवंथ करीत होत्या, भरपूर दूध देत होत्या. पुढच्या वर्षी छावणीत शेळीचे दूध बंद करण्याचा हुकूम निघाला आणि पलटणीतला ताप झपाट्याने ओसरला. गावातल्या लोकांना मात्र हुकूम लागू नव्हता आणि सवय सुटत नव्हती. त्यांच्या घरांतून, त्यांच्या लेकरांतून तो ताप पुढे कित्येक वर्षे नांदतच राहिला.

मामा : गोष्ट चांगली सांगितलीस. पण माझ्या तीन पिढ्यांचा पुरावा तू कोठे ठेवतेस? त्यांच्यापैकी कोणी या रोगाने मेल्याचे दाखव.

भाची : या रोगाने माणूस सहसा मरत नाहीच, आणि म्हणूनच तो पुराव्यात सापडत नाही. तो ताप आणतो, सोडतो, पुन्हा आणतो. सांधे धरतो, कंबर धरतो, यकृत आणि प्लीहा सुजवितो, उत्साह हिरावून नेतो. आजोबा उतारवयात सहा-सहा महिने कंबर धरून माजघरात पडून असत, संध्याकाळी अंग कणकणे, आणि आपण त्याला वात म्हणत होतो, हे तुम्हीच मला सांगितलेले आहे. तो हाच रोग होता असे मी म्हणत नाही. आज ते सिद्ध करणे शक्य नाही. पण तो हा रोग नव्हता असे तरी तुम्ही कशावरून म्हणता? ज्याची कधी चौकशीच झाली नाही, त्याला निर्दोष सुटल्याचा दाखला कसा मिळेल?

(मामांनी अडकित्ता उचलला, सुपारी कातरली आणि क्षणभर काही बोलले नाहीत. मग त्यांनी आपला हुकमी साक्षीदार पुढे केला.)

मामा : बरे, मेलेल्यांचे राहू दे. माझा नातू याच वयाचा. याच अंगणात खेळतो, याच गोठ्याचे दूध पितो. त्याला काही झाले नाही. त्याच दुधाने एका मुलाला पोसावे आणि दुसऱ्या मुलीला लोळवावे, हे तुझ्या शास्त्रात बसते?

भाची : ते मामींनाच विचारू या.

(मामी स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “निरसं दूध माझ्या घरात पोराच्या तोंडाला कधी लागलेलं नाही. वर येईतो चुलीपाशी उभी असते मी, तीन उकळ्या काढल्याशिवाय पातेलं उतरवत नाही. निरसं पितात ते एकटे हेच.” एवढे सांगून त्या आत निघून गेल्या.)

भाची : पाहिलेत? ज्या दुधाची तुम्ही महती गाता, ते या घरात तुमच्याखेरीज कोणी पीतच नाही. दूध बहात्तर अंश उष्णतेवर पंधरा सेकंद राहिले तरी हा जंतू मरतो, आणि मामींच्या तीन उकळ्या तर त्याहून किती पुढच्या! सत्त्व जाते म्हणाल, तर दुधातला चुना आणि प्रथिने उकळल्याने कमी होत नाहीत; एखाददुसरे जीवनसत्त्व थोडे घटते, ते भाजीपाल्याने भरून निघते. खरवसाचेही तसेच, वाफेवर नीट घट्ट शिजला तर भीती नाही, भीती आहे ती कच्चा चीक बोटाने चाटून पाहण्याच्या सवयीत. आणि निरशा दुधाला विरजण लावले म्हणजे जंतू गेला असेही समजू नका. परदेशांत कच्च्या दुधाच्या ताज्या, मऊ चीजमधून हा रोग पसरल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

मामा : म्हणजे माझ्या नातवाला मामीच्या पातेल्याने वाचविले असे म्हण. मग त्या पोरीच्या घरी दूध उकळत नाहीत?

भाची : ते मी तिच्या आईला विचारले. मामा, श्रावणात आपल्या एका शेळीने गाभ टाकला होता, आठवते?

मामा : आठवते ना. दिवस भरत आले होते. पावसात भिजली म्हणून गाभडली, असे गडी म्हणाला. वार पडायलाही दोन दिवस लागले.

भाची : ते मेलेले करडू त्या मुलीने उचलून उकिरड्यावर नेले, उघड्या हातांनी. ती मला सांगत होती की ते थंड आणि बुळबुळीत होते आणि त्याचे डोळे मिटलेले होते, म्हणून तिने ते फ्रॉकच्या ओच्यात घेतले. पडलेला गाभ, वार आणि त्यासोबत जाणारा स्राव यांत या जंतूंची जेवढी दाटी असते तेवढी दुसरीकडे क्वचितच. हाताला एखादा ओरखडा असला, तोच हात डोळ्यांना लागला, नाहीतर झाडताना वाळलेली घाण श्वासाबरोबर आत गेली, तरी पुरे. आता तारखा जुळवून पाहा. हा जंतू शरीरात शिरल्यावर बहुधा दोन ते चार आठवड्यांत, क्वचित काही महिन्यांनीही, ताप सुरू होतो. ओल्या, सावलीच्या जागी तो बराच काळ टिकतो. उकिरड्यावरचे ते कुत्र्यांनी कोठकोठे ओढून नेले असेल, कोण जाणे! आणि ती शेळी? ती दोन दिवसांत पहिल्यासारखी चरायला लागली. बहुतेक जनावरे एकदाच गाभडतात, पुढची वेते व्यवस्थित होतात, म्हणून धनी निर्धास्त होतो. पण दुधावाटे जंतू बाहेर टाकणे चालूच राहते.

मामा : (थोड्या वेळाने) त्या शेळीचे दूध...

भाची : होय. तिच्या आईने तेही सांगितले.

मामा : मीच तोडून दिले होते तिला. पोर अशक्त दिसते, म्हटले एका शेळीचे दूध तिच्या नावाने राहू दे. आणि बजावलेही होते, उकळू नका, सत्त्व जाते म्हणून.

(येथे बराच वेळ कोणी बोलले नाही. गोठ्यात दावे ओढल्याचा आवाज आला आणि थांबला.)

भाची : मामा, हे मी तुम्हाला दोष देण्यासाठी सांगत नाही. मोठ्या माणसांत हा रोग बहुधा धंद्यातून येतो. पशुवैद्याला येतो, खाटकाला येतो, मेंढपाळाला येतो, प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला येतो. मुलाला मात्र कोणता धंदा असतो? त्याच्याकडे हा धोका आपल्या हातून जातो, आणि पुष्कळदा मायेनेच जातो. पाहुण्याच्या लेकराला कौतुकाने दिलेला पेला, थंडीच्या रात्री घरात घेतलेले करडू, ‘शेळी वितेय, ये बघायला’ म्हणून मारलेली हाक. आणि जेथे माया नसते तेथे काम असते. गोठा लहान मुलाने झाडायचा, मेलेले वासरू त्यानेच ओढायचे, कारण मोठी माणसे मजुरीला गेलेली. म्हणूनच एका मुलाला हा रोग निघाला की त्या घरातल्या सगळ्यांची तपासणी करावी लागते. एकापासून दुसऱ्याला तो सहसा लागत नाही. पण सर्वांचा गोठा एक आणि पातेले एक. काल तिच्या धाकट्या भावाचे रक्त घेतले ते यासाठीच.

मामा : कबूल. माझ्या पदरची चूक मी नाकारीत नाही. पण आता उलटतपासणी माझी. पाच आठवडे ती पोर तापाने फणफणत होती. दोन डॉक्टर झाले, दोघांनी विषमज्वर म्हणून औषध दिले. त्यांच्यापैकी एकाने तरी विचारले का, की पोरी, तुझ्या घरी जनावर आहे का, त्याने गाभ टाकला का, दूध कसे पितेस? गावातले निम्मे घर गोठ्यावर जगते, आणि डॉक्टरांच्या प्रश्नांत गोठाच नाही!

भाची : यावर माझ्याजवळ उत्तर नाही. ताप, घाम, सुजलेली प्लीहा, लंगडणे, ही लक्षणे विषमज्वरात दिसतात, क्षयात दिसतात, सांधेवातातही दिसतात. म्हणून निदानाची खरी किल्ली रक्तात शोधण्याआधी त्या प्रश्नात शोधावी लागते. तपासणी तशी अवघड नाही. गुलाबी रंगाच्या द्रवाचा एक थेंब आणि रक्तद्रवाचा एक थेंब पांढऱ्या पट्टीवर मिसळायचा. चार मिनिटांत त्यात बारीक कण गोठून आले तर संशय पक्का, मग पुढची परीक्षा. रक्तातून जंतू वाढवून पाहायचा तर तो फार सावकाश वाढतो, आणि प्रयोगशाळेला आधी सूचना दिली नाही तर तेथल्या माणसालाच बाधतो. पण या सर्वांच्या आधी कोणीतरी विचारायला हवे, हे तुमचे म्हणणे मी माझ्या दवाखान्याच्या भिंतीवर लिहून लावीन.

मामा : आता सरकार. परदेशांत दोषी जनावर मारून टाकतात आणि धन्याला भरपाई देतात असे ऐकतो. आमच्याकडे गाय मारण्यास 1976 च्या कायद्याने बंदी, आणि भरपाईची आशा धरून कोण बसतो? गाभडलेली गाय शेतकरी काय करतो ते मी सांगतो. पुढच्या बाजारी ती विकतो, गाभडल्याची गोष्ट गिळतो, आणि रोग दावणीसकट दुसऱ्या गावी जातो. त्याला तू लबाड म्हणशील. मी त्याला कर्जदार म्हणतो.

भाची : म्हणून तर लसीचा मार्ग धरला आहे. 2019 च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने जो राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला, त्यात लाळ-खुरकताबरोबर या रोगाचीही तरतूद आहे. चार ते आठ महिन्यांच्या कालवडीला नि वगारीला आयुष्यात एकदाच टोचायचे. नरांना नाही, गाभण जनावराला नाही. लस जिवंत जंतूंची असते, म्हणून टोचणाऱ्याने सुई स्वतःच्या हाताला लागू न देण्याची खबरदारी घ्यायची.

मामा : कालवड आणि वगार! आणि शेळी?

भाची : या रोगाच्या लसीकरणात शेळीचे नाव नाही.

मामा : आणि मुलांना अधिक जालीम जंतू कोणाचा?

भाची : शेळ्या-मेंढ्यांचा.

मामा : मग हिशेब लाव. शेळीला आपण गरिबाची गाय म्हणतो. बागायतदाराच्या गोठ्यातली वगार सरकारच्या वहीत आली. गड्याच्या झोपडीपुढची शेळी वहीबाहेर राहिली, आणि तिच्याबरोबर त्याची पोरही. हे तुझ्या उकळत्या पातेल्याने मिटत नाही. जळण महाग म्हणून जी बाई दूध नुसते कोमट करते, तिला ‘तीन उकळ्या काढ’ असे सांगून तू मोकळी होतेस.

भाची : मोकळी होत नाही, मामा, पण आज संध्याकाळी त्या झोपडीत जे दूध येईल ते आज संध्याकाळीच उकळले पाहिजे. शेळीसाठी लसीची तजवीज व्हावी म्हणून तुम्ही अर्ज लिहा, मी सही करते, दहा डॉक्टरांच्या सह्या आणते. परंतु अर्जाचा निकाल लागेपर्यंत मूल थांबत नाही. तुम्ही म्हणता तो उपाय मुळावरचा, मी म्हणते तो दारावरचा. चोर घरात शिरत असता मुळाची चर्चा करीत दार उघडे ठेवावे काय?

मामा : आणि दार लावून आत बसले म्हणजे चोर गावातून जातो काय?

(दोघेही हसले. पंच म्हणून मला निकाल विचारण्यात आला. मी म्हणालो की या खटल्यात दोन्ही पक्ष जिंकले आहेत, तेव्हा आता तहनामा लिहावा. मामांनी चष्मा लावला, जुनी रोजकीर्द काढली आणि कचेरीतल्या त्या जुन्या, वळणदार अक्षरात स्वतःच कलमे लिहू लागले. लिहिता लिहिता ते मोठ्याने वाचीत होते.)

मामा : कलम पहिले. या गोठ्याचे दूध, गाईचे असो, म्हशीचे असो वा शेळीचे, उकळी आल्यावाचून कोणाही मुलाच्या मुखी जाणार नाही, मोठ्यांच्याही नाही.

भाची : ‘मोठ्यांच्याही नाही’ याखाली रेघ ओढा.

मामा : ओढली. कलम दुसरे. जनावर गाभडल्यास त्या जागी मुलांनी व गरोदर स्त्रियांनी फिरकू नये. हातमोजे घातल्यावाचून आणि तोंडाला फडके बांधल्यावाचून कोणी गाभास अगर वारेस स्पर्श करू नये. तो गाभ व वार खोल खड्ड्यात, वर चुनकळी टाकून पुरावी. उकिरड्यावर टाकू नये. कलम तिसरे. गाभडलेले जनावर निराळे बांधून पशुवैद्यास वर्दी द्यावी, आणि तपासणीचा निकाल हाती येईतो ते बाजारी नेऊ नये. कलम चौथे. कालवड-वगार चार महिन्यांची होताच लसीसाठी तिची नोंद करावी. कलम पाचवे. मुलीच्या औषधपाण्याचा व पथ्याचा संपूर्ण खर्च आमचेकडे. आणखी काही?

भाची : एकच. औषध पुरते घ्यायचे. आठ वर्षांखालच्या मुलांना आम्ही नेहमीची एक गोळी सहसा देत नाही, म्हणून हिला दोन निराळी औषधे मिळून सहा आठवडे द्यायची आहेत. आठवड्याभरात ताप उतरेल, पोर उड्या मारू लागेल, आणि आईला वाटेल की आता पुरे. तेथेच घात होतो. मध्येच सोडले, किंवा दोनांतले एकच घेतले, तर रोग पुन्हा उलटतो. आणि लघवी तांबूस झाली तर घाबरू नका म्हणावे. तो औषधाचा रंग आहे.

मामा : कलम सहावे. औषध बेचाळीस दिवस, एकही दिवस नागा न करता. देण्याची जबाबदारी लेखकाची.

त्या संवादाला दीड आठवडा लोटला. तांबूस लघवी पाहून मुलीची आई घाबरून धावत आली होती, तिला मामांनी रोजकीर्द उघडून कलमासकट समजावून सांगितले. धाकट्या भावाचे रक्त निर्दोष निघाले. शेळी निराळी बांधली आहे, पशुवैद्य तिचे रक्त घेऊन गेले आहेत, आणि पशुसंवर्धन खात्याकडे पाठवावयाच्या शेळीच्या अर्जाचा मसुदा तिसऱ्यांदा खोडून लिहिला जात आहे. दिवेलागणीला मामा अजूनही पितळी पेला घेऊन गोठ्यात जातात. मात्र तो भरला की ओसरीवर न येता सरळ स्वयंपाकघरात मामींच्या पातेल्याकडे जातो. मुलीचा ताप पाचव्या दिवशी उतरला. औषधाचा आज अकरावा दिवस आहे, एकतीस उरले.